पडद्याशेजारचा माणूस

बोरिवलीची बाभई असो, घाटकोपरचं पंतनगर असो नाहीतर मुलुंड पूर्वेची एखादी गल्ली. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जात असतील, मीटररूममधून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर ओढली जात असेल आणि घामाघूम सेक्रेटरी प्रोजेक्टरखाली जुने रजिस्टर सरकवत असतील, तर खुशाल समजावं की आज बिल्डरचं प्रेझेंटेशन आहे. उपनगरांत सध्या गणपतीची आरती आणि पुनर्विकासाची सभा या दोनच गोष्टींना अख्खी बिल्डिंग खाली उतरते.

कार्यक्रम साधारण ठरलेला. पहिल्या स्लाइडवर लोगो. मग संस्थापकांचा फोटो, मग ‘आमचा प्रवास’, मग संगणकाने रंगवलेल्या टोलेजंग इमारती, त्यांच्या पायथ्याशी मुंबईत कुणी न पाहिलेली हिरवळ आणि त्या हिरवळीवर फिरणारी परदेशी चेहऱ्यांची माणसं. सगळा मजकूर इंग्रजीत. सांगणारा पोरगेला एक्झिक्युटिव्ह हिंदी, गुजराती आणि इंग्रजीच्या मिश्रणात बोलतो, प्रश्न मराठीत आणि गुजरातीत येतात. विसाव्या मिनिटाला कुणीतरी आजोबा खुर्चीवरून अर्धे उठतात.

“एरिया किती देणार ते सांगा हो आधी.”

“काका, एरियाची स्लाइड पुढे आहे.”

“पुढे म्हणजे? साडेआठ वाजले.”

मग ती स्लाइड येते. एक्सेलमधून उचलून जसाच्या तसा डकवलेला तक्ता. सदनिकेचा क्रमांक, सध्याचं क्षेत्रफळ, वाढीव टक्के, फंजिबल चटईक्षेत्र, कॉर्पसची एकरकमी रक्कम, भाडं, ब्रोकरेज, शिफ्टिंग. शेवटच्या दोन रांगांना त्यातलं काही दिसत नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो म्हणतो, हे जरा बारीक दिसेल, पण मी वाचून दाखवतो. तो पडद्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून वाचायला लागतो, आणि खुर्च्यांमधून मोबाइलचे उजेड एकेक करून पेटू लागतात.

या सभांमागे कायद्याचा बंदोबस्त भरपूर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 (अ) खाली शासनाने 3 जानेवारी 2009 रोजी पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आणि 4 जुलै 2019 च्या निर्णयाने ती सुधारली. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे ज्याला सगळे पीएमसी म्हणतात तो नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा, निविदा मागवायच्या. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हवा, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण हवं, 51 टक्के सभासदांची संमती हवी. पण चाळीस वर्षं एका घरात राहिलेला माणूस त्या घराबद्दल मनाशी काही ठरवतो ते पडद्याकडे बघताना, आणि पडद्यावर काय नि कसं दाखवायचं याबद्दल कुठलाही शासन निर्णय नाही.

बिल्डरांवर टीका करायला हा लेख लिहिलेला नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत, 1973 पासून उभ्या असलेल्या सीप्झमध्ये, मालाडच्या काचेच्या इमारतींत सोमवारच्या रिव्ह्यूला हेच चालतं. फक्त तिथे आजोबा नसल्यामुळे कुणी मध्ये बोलत नाही. कॉलेजच्या सेमिनारात, नगरसेवकाच्या विकासकामांच्या अहवालात, डॉक्टरांच्या परिषदेत, सगळीकडे तोच पडदा आणि त्याच्याकडे तोंड केलेला तोच माणूस. सभा पुनर्विकासाची असली की खोट जास्त उघडी पडते, एवढंच. तिथे समोर बसलेल्याला खरोखर काही ठरवायचं असतं.

माझ्या मते गडबड शिकण्याच्या क्रमात झाली. महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीने पॉवरपॉइंट पहिल्यांदा पाहिलं ते एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाच्या वर्गात. 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएल या कंपनीचा हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी लागू लागला आणि उपनगरातल्या प्रत्येक स्टेशनाबाहेर, वडापावच्या गाडीच्या वरच्या मजल्यावर, त्याचं केंद्र निघालं. त्या वर्गांनी मोठं काम केलं, यात शंका नाही. माऊसला हात लावायला घाबरणाऱ्या लाखो लोकांची भीड मोडली. पण तिथून लोक घरी घेऊन आले ते ‘इन्सर्ट’ आणि ‘ॲनिमेशन’. अक्षर गोल फिरत कसं आणायचं ते सगळ्यांना आलं. ते अक्षर यायला कशाला हवं होतं, हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत नव्हता.

बरं, हे काम आपल्याकडे कुणाला येतच नव्हतं अशातला भाग नाही. मुलुंडहून लोकल पकडून कल्याणला उतरावं. या गावात 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ उभा केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, पडद्यावर रामायण-महाभारतातले प्रसंग. इंग्रजीत ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत त्याचाच हा कल्याणी अवतार. पण पटवर्धनांनी एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मुद्रा वेगवेगळ्या काचांवर रंगवल्या आणि त्या भराभर बदलून पात्र हलतंय असा भास निर्माण केला. सोबत घरच्याच मंडळींचं निवेदन, संवाद आणि गाणी. सिनेमा मुंबईत आला 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलात. त्याच्या आधीपासून कल्याणचं एक कुटुंब तिकीट लावून स्लाइड शो करत होतं, आणि लोक पैसे देऊन तो बघायला येत होते. आपल्या किती प्रेझेंटेशनांना कुणी तिकीट काढून येईल?

कोकणात याहून जुनी परंपरा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवतात, एकेक चित्र उभं धरतात आणि कथा गाऊन सांगतात. ही कला जगवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रं नीट बघितली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: चित्रात मजकूर नाही. कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं सांगणाऱ्याच्या तोंडी. चित्र आहे ते समोरच्याचे डोळे जागेवर ठेवायला. दोघांनी कामं वाटून घेतलेली असतात आणि एक दुसऱ्याच्या कामात लुडबुड करत नाही.

गोष्ट कशी रचायची, याचा तयार साचाही आपल्याकडे आहे आणि तो कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा जुना आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला एक अभंग घेतात. तो म्हणजे सिद्धान्त. त्याचं निरूपण करतात, शंका काढतात, उत्तर देतात. मग मध्ये नामाचा गजर, श्रोत्यांना श्वास घ्यायला सवड. आणि उत्तररंगात आख्यान: तोच सिद्धान्त एका माणसाच्या आयुष्यात कसा खरा ठरला, त्याची कथा. श्रोता घरी जाताना आख्यान घेऊन जातो आणि आख्यानाच्या पोटात अभंग जातो. कॉर्पोरेट जगात ‘स्टोरीटेलिंग’ म्हणून शनिवार-रविवारी पंचतारांकित हॉटेलांत जे शिकवतात त्यात याच्यापेक्षा फार वेगळं काही असतं असं मला वाटत नाही. फक्त तिथे बुक्का लावत नाहीत.

मग हे सगळं असताना ठिपके लावलेल्या ओळी आल्या कुठून? पॉवरपॉइंट जन्माला आलं 1987 साली, अमेरिकेतल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती मॅकिंटॉशसाठी होती, कृष्णधवल; ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका छापून काढणं हा तिचा उद्देश. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला विकत घेतली. नवी स्लाइड उघडली की वर शीर्षकाची चौकट आणि खाली मुद्द्यांची चौकट आपोआप पुढ्यात येते. रिकामी चौकट दिसली की माणूस ती भरतो. आणि भरलेली दिसली की वाचून दाखवतो.

हे नुसतं कंटाळवाणं असतं तर सोडून देता आलं असतं. पण जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया अवकाशयान झेपावताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांची आकडेवारी पाहता आपले अंदाज सावध बाजूचेच आहेत, अशा अर्थाचं. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, उपउपमुद्दे. अगदी तळाच्या बारीक ओळीत खरी गोष्ट होती. चाचणी झाली होती 3 घनइंचाच्या तुकड्यावर. इथला तुकडा 1920 घनइंचाचा धरला होता. 640 पट मोठा. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ही स्लाइड ओळ न् ओळ सोलून दाखवली, आणि चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात, तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या नासाच्या सवयीवर ठपका ठेवला. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही. पण शीर्षक हाच निकाल समजून वाचणारा तळापर्यंत पोचत नाही, हे यातून कायमचं कळलं. सोसायटीच्या तक्त्यात ‘भाडं 36 महिने’ ही ओळ ठळक आणि त्यानंतर उशीर झाला तर काय, ही ओळ तारांकित, तळाशी, सहा पॉइंटात असते, तेव्हा मला ती स्लाइड आठवते.

गोष्ट सांगण्याचीही एक उलटी बाजू आहे आणि तिचं उदाहरण आपल्याच मुंबईत घडलं. डबेवाल्यांवर स्लाइड न पाहिलेला व्यवस्थापनाचा विद्यार्थी सापडणं कठीण. त्या स्लाइडवर हमखास दोन गोष्टी असतात: पांढरी टोपी आणि ‘सिक्स सिग्मा’ हा बिनचूकपणाचा शिक्का. 1 कोटी 60 लाख डब्यांत एक चूक. हा आकडा आला 1998 च्या फोर्ब्स मासिकातल्या लेखातून. लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्वतःच खुलासा केला की फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्माचं कुठलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं आणि त्यांनी तो शब्दही वापरला नव्हता. डबा किती वेळा चुकतो, असं त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं; फार तर दोन महिन्यांतून एकदा, असं उत्तर आलं. मग त्यांनी दोन महिन्यांतले डबे मोजले, जाण्याची आणि परतीची फेरी धरली आणि भागाकार केला. एका माणसाच्या अंदाजावर बेतलेलं ते त्रैराशिक स्लाइडवरून स्लाइडवर उतरत गेलं आणि जगभरच्या सभागृहांत प्रमाणपत्र होऊन बसलं. कारण आकडा गोष्टीत चपखल बसत होता. गोष्टीत बसणारा आकडा कुणी तपासत नाही.

डबेवाल्यांकडून स्लाइडवाल्याने शिकायचं असेल तर ते डब्याच्या झाकणावर आहे. अंधेरीहून निघालेला डबा गर्दीतून तीन-चार हातांतून फिरतो. झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा एवढंच सांगतात: कुठल्या स्टेशनात उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, आणि परत कुठल्या उपनगरात जायचा. गिऱ्हाइकाचं नाव नाही, पूर्ण पत्ता नाही, आत भेंडी आहे की बटाटा तेही नाही. पुढच्या हाताला पुढचं पाऊल टाकायला जेवढं लागतं तेवढंच. गाडी तीस सेकंद थांबते, तेवढ्यात वाचून व्हावं अशी ती लिपी आहे. स्लाइडलाही साधारण तेवढाच वेळ मिळतो.

भांडवल मागायला कसं उभं राहावं, याचा धडा गोरेगावातली चित्रनगरी ज्यांच्या नावाने आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 सालीच घालून ठेवला आहे. विलायतेहून कॅमेरा आणला, पण चित्रपट काढायला पैसा कोण देणार? तोंडाने कितीही सांगितलं तरी हे काय आहे ते समोरच्याला कळणार नव्हतं. फाळक्यांनी वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा लावला आणि दिवसेंदिवस थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून वर आलं आणि वाढलं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती चित्रफीत ओळखली जाते. ती बघून यशवंतराव नाडकर्णी पैसे उभे करून द्यायला तयार झाले आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. फाळक्यांनी बाजारपेठेचा आकार सांगितला नाही, पाच वर्षांचे अंदाज मांडले नाहीत. ज्या गोष्टीवर समोरच्याचा विश्वास बसत नव्हता ती एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवली.

आता हाताने करायच्या गोष्टी.

पवईला, आयआयटीत, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती, साधारण दहा मिनिटांच्या, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, फुकट. लिबरऑफिसमधलं इम्प्रेस, म्हणजे पॉवरपॉइंटचा बिनपैशाचा भाऊ, मराठी निवेदनातून तिथे शिकता येतं. पण त्याहून मला महत्त्वाची वाटते ती त्यांची संहिता लिहायची रीत. कागदाचे दोन रकाने. डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे निवेदक काय बोलेल. संहिता झाली की विषयातलं काहीच न कळणाऱ्या नवख्या माणसाला ती देतात. त्याला त्यावरून काम जमलं तरच पुढे ध्वनिमुद्रण. कुणीही प्रेझेंटेशनवाल्याने एवढंच उचललं तरी निम्मं काम झालं. लॅपटॉप उघडण्याआधी दोन रकाने आखायचे आणि उजवा आधी भरायचा. उजवीकडचं वाक्य डावीकडे तसंच्या तसं आलं, तर दोघांपैकी एकाची गरज नाही. बहुतेक वेळा गरज नसते ती डावीकडच्याची.

उजवा रकाना भरला की पॉवरपॉइंटमध्ये ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडावा. एमएस-सीआयटीच्या पुस्तकातली ही सर्वात दुर्लक्षित खिडकी. तिथे चित्रं दिसत नाहीत, शीर्षकं आणि त्यांखालचा मजकूर तेवढा दिसतो. नुसती शीर्षकं ओळीने मोठ्याने वाचावीत. ‘प्रस्तावना, आढावा, आव्हानं, उपाय, निष्कर्ष’ असं ऐकू आलं तर हाती फक्त खोकी आहेत. ‘आपली इमारत 1978 ची आहे; दरवर्षी गळतीवर खर्च होतो; दुरुस्तीने दहा वर्षं निघतील; पुनर्विकासात घर मोठं होईल पण तीन वर्षं बाहेर राहावं लागेल; त्या तीन वर्षांची हमी हे घासाघीस करायचं खरं कलम आहे’ असं ऐकू आलं तर हाती गोष्ट आहे. शीर्षकात क्रियापद आलं की स्लाइडला मत येतं. मत आलं की त्याच्याशी भांडता येतं, आणि सभा भांडण्यासाठीच असते.

आता ती एरियाची स्लाइड घेऊ. समजा सध्याचं घर 400 चौरस फूट कार्पेटचं आहे आणि बिल्डर 35 टक्के जास्त देतो, म्हणजे 540. तक्त्यात हे दोन आकडे शेजारी बसतात आणि कुणाच्या मनात काहीही उमटत नाही. त्याऐवजी पॉवरपॉइंटमध्ये एक चौकोन काढावा. ‘शेप फॉरमॅट’मध्ये उंची-रुंदी आकड्यात भरता येते. एक फूट म्हणजे अर्धा सेंटिमीटर असं प्रमाण धरलं, तर 20 बाय 20 फुटांचं जुनं घर 10 बाय 10 सेंटिमीटरचं होतं आणि 20 बाय 27 चं नवं घर 10 बाय साडेतेरा. रुंद स्लाइडवर दोन्ही शेजारी आरामात मावतात. आत हॉल, स्वयंपाकघर, संडास-बाथरूमच्या भिंती त्याच प्रमाणात आखाव्यात आणि त्यातच सहा फुटी पलंग काढावा. आता बघणाऱ्याला दिसतं की वाढलेले साडेतीन सेंटिमीटर नक्की गेले कुठे: खोलीत, की पॅसेजमध्ये. नव्या आवृत्तीत ‘मॉर्फ’ नावाचं संक्रमण आहे. कंट्रोल-डी दाबून पहिल्या स्लाइडची नक्कल करायची, दुसरीवर तोच चौकोन ओढून मोठा करायचा आणि मॉर्फ लावायचं. जुनं घर डोळ्यांदेखत नव्या घरात पसरतं. ॲनिमेशनला माझा विरोध नाही. ते अर्थाचं काम करत असेल तर जरूर वापरावं.

आणि हे चित्र काढताना एक प्रश्न आपोआप वर येतो, जो तक्त्यात लपून राहतो: कुठलं कार्पेट? रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जुनी घरं मोजताना कित्येक ठिकाणी भिंत ते भिंत मोकळी जागा मोजलेली असते. जुनं एका फुटपट्टीने आणि नवं दुसऱ्या फुटपट्टीने मोजलं, तर 35 टक्क्यांतले काही टक्के विटा-सिमेंटमध्ये जातात. ही एक गोष्ट ज्या सभेत चित्राने दाखवली जाते, तिथे पुढचा अर्धा तास प्रश्न मुद्द्याचे येतात.

भाड्याचंही तसंच. बारा ओळींच्या तक्त्याऐवजी एक आडवी पट्टी: घर रिकामं केलं तिथपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत. भाडं मिळणारे महिने एका गडद रंगात, बाकी सगळं राखाडी, आणि 36 महिन्यांच्या पुढचा भाग कोरा, नुसत्या तुटक रेषेत. त्या कोऱ्या भागावर कुणाची सही, कुठली बँक गॅरंटी, हे लिहायची जागा सोडावी. आलेखाला सॉफ्टवेअर आपण होऊन जे रंगांचे फटाके आणि बाजूची सूची देतं ते पुसून टाकावं आणि नाव थेट पट्टीवर लिहावं.

मराठी स्लाइडची दुखणी वेगळी. सोसायटीच्या जुन्या फायली, श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉण्टांत टाइप केलेल्या, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, आणि विंडोज 2000 पासून संगणकात आयता येऊ लागलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉण्ट रचला तो र. कृ. जोशींनी. अक्षरांचा हा थोर कारागीर ज्या संस्थेत काम करत होता ती एनसीएसटी, म्हणजे सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, अंधेरीला लागून असलेल्या जुहूची. मंगल वाचायला सुबक, पण पडद्यावर ठळक केला की ‘ध’ आणि ‘घ’ दुरून सारखेच दिसतात. मुंबईच्याच एक टाइप या गटाचा ‘मुक्ता’ गूगल फॉण्ट्सवर फुकट मिळतो, वजनं अनेक, प्रोजेक्टरवर चांगला टिकतो. मात्र समोरच्या लॅपटॉपवर तो असेलच असं नाही. म्हणून फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन ‘एम्बेड फॉण्ट्स’वर खूण करावी आणि शेजारी एक पीडीएफ प्रत ठेवावी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल हवं. मजकूर मावेनासा झाला की सॉफ्टवेअर स्वतःहून अक्षर बारीक करतं. ‘ऑटोफिट’ची ती सोय बंद करून टाकावी. अक्षर मावत नाही, ही तक्रार ऐकू यायला हवी.

कंपाउंडमधली ट्यूबलाइट कुणी बंद करत नाही, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीचं सौंदर्य विसरावं, पांढऱ्यावर काळं. फॉण्ट आणि रंग एकेका स्लाइडवर न बदलता ‘स्लाइड मास्टर’मध्ये एकदाच ठरवावेत, म्हणजे अध्यक्षांनी ऐनवेळी रंग बदलायला सांगितला तरी रात्र जागावी लागत नाही. प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोज आणि पी ही बटणं दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं की आपल्या पडद्यावर टिपणं आणि पुढची स्लाइड दिसते, लोकांना फक्त चालू स्लाइड. प्रोजेक्टर नसताना घरी सराव करायचा असेल तर ऑल्ट आणि एफ-5. लोकांकडे पाठ फिरवायची वेळच येत नाही, कारण वाचायचं ते आपल्या पुढ्यात असतं. आणि या सगळ्यांत माझं आवडतं बटण ‘बी’. चालू शोमध्ये ते दाबलं की पडदा काळा होतो. वाद तापला, कुणी रडवेलं झालं, कुणी आपल्या वारलेल्या नवऱ्याने हे घर कसं घेतलं ते सांगू लागलं, की ‘बी’ दाबावं आणि त्या माणसाकडे बघावं. परत दाबलं की स्लाइड जागेवर.

प्रश्नोत्तरांची तयारीही सॉफ्टवेअर करू देतं. डीम्ड कन्व्हेयन्स (जमिनीचं मानीव अभिहस्तांतरण), पार्किंग, दुकानदारांचे गाळे, बँकेचं कर्ज असलेली घरं. प्रत्येकावर एक स्लाइड करून ती ‘हाइड’ करून ठेवावी. ओघात ती येत नाही, पण प्रश्न आला की स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. क्रमांकांची चिठ्ठी खिशात ठेवावी.

बरीच प्रेझेंटेशनं ‘थँक यू’वर संपतात आणि मग तासभर, सगळी खरी चर्चा चालू असताना, पडद्यावर सूर्यास्ताच्या चित्रावर ते दोन शब्द टांगलेले राहतात. ती स्लाइड काढून टाकावी. निविदा भरलेल्या बिल्डरांचे कार्पेट, भाडं, कॉर्पस आणि बँक गॅरंटी हे चार आकडे एका फुटपट्टीने मोजून शेजारी शेजारी लावावेत आणि मतदान होईस्तोवर तेच पडद्यावर ठेवावेत. हात वर करायला सांगण्याआधी सेक्रेटरीने चष्मा काढून शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहावं, आणि तिथून ते वाचता येत नसतील तर सभा पाच मिनिटं थांबवून अक्षर मोठं करून घ्यावं.